शर्टाचं शेपूट आणि तीनशे सॅव्हेज

मेलनीनं सासऱ्याच्या गालाचा मुका घेतला, तेव्हा लिनेट ओव्हनमधून मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या काढत होती. ट्रेचा चटका हाताला बसला खरा, पण ती जी कळवळली ती काही त्या चटक्यानं नव्हे. केंपाइनेनांच्या घरात कुणी कुणाचा मुका घेत नाही. लिनेटनं बापाला शेवटची मिठी मारली ती आईच्या दफनाच्या दिवशी, आणि तेव्हाही दोघांच्या अंगात जाड कोट होते. आणि ही शिकागोकडची बाई, धाकट्या भावाची, ग्लेनची, दुसरी बायको, लग्नाला धड वर्ष नाही झालं, खुशाल म्हाताऱ्याच्या गालाला ओठ टेकवते! आणि ऐंशी ओलांडलेला रेइनो केंपाइनेन, ज्याला हसताना बघायला गावानं तिकीट काढलं असतं, तो चक्क लाजतो!

"अगं, दाढी टोचेल," म्हातारा म्हणाला.

लिनेटच्या अंगाचा तिळपापड झाला. पेस्ट्यांचा ट्रे तिनं टेबलावर असा आपटला की विल्बर्ट काकांच्या कपातली कॉफी सांडली.

"हळू गं बाई," काका म्हणाले. रेइनोचे हे धाकटे भाऊ, जन्माचे ब्रह्मचारी. "हरणं उद्यापासून मारायची. आज आम्हाला जगू दे."

उद्या पंधरा नोव्हेंबर, हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. या दिवशी इकडे शाळासुद्धा बंद असतात. केंपाइनेनांचा कॅम्प म्हणजे हेमलॉकच्या जंगलातली दोन खोल्यांची लाकडी झोपडी, मागं सॉना म्हणजे वाफेची न्हाणी, आणि सॉनामागं सरपण. दरवर्षी तेच लोक, त्याच पेस्ट्या, तीच भांडणं. यंदा फक्त मेलनी नवी होती. आणि यंदा म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. पार गेले नव्हते, पण रायफलच्या नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या मण्याचे त्याला आता दोन मणी दिसायचे. दारावर शिंगांच्या खुंट्यांवर टांगलेली आपली सॅव्हेज रायफल तो यंदा दुसऱ्या कुणाला तरी देणार, हे उन्हाळ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. रायफल ज्याच्या हातात, टेकडीवरचा खडक त्याचा. त्या खडकावर पन्नास वर्षं रेइनोशिवाय कुणी बसलं नव्हतं.

लिनेटनं उन्हाळाभर काय केलं होतं ते आता सांगायला हवं. ती रायफल तीनशे सॅव्हेज नावाच्या काडतुसाची. काडतूस आखूड, ठेंगणं, मान जवळजवळ नाहीच. रेइनोच्या बापाच्या काळात त्याचा फार बोलबाला होता, पण आता गावातल्या दुकानात ते मागितलं तर काउंटरवरचा पोरगा 'काय म्हणालात?' असं दोनदा विचारतो. लिनेट दर शनिवारी लोकांच्या गॅरेजातल्या जुन्या सामानाच्या विक्रीला जायची, माळ्यावरची खोकी उपसायची. शेवटी एका विधवेकडं मासे पकडायच्या गळांच्या डब्याखाली एक पेटी मिळाली, कोपरे झिजलेली, पण आत सगळी काडतुसं चकचकीत. तिनं ती पेटी लाल लोकरीनं बांधली आणि आज दुपारी बापाच्या हातात ठेवली. म्हातारा पेटी खालीवर करत नुसतं "हं" म्हणाला. बापाच्या 'हं'वर लिनेट बरीच वर्षं जगत आली होती.

जेवण झालं. रेइनोनं मिशा पुसल्या, उठला आणि खुंट्यांवरून रायफल काढली. दुसऱ्या हातात ती लाल लोकरीची पेटी. लिनेटनं ॲप्रनला हात पुसले. पन्नाशीची बाई, नवऱ्याला पुरून बसलेली, पण नाताळच्या सकाळी उठलेल्या पोरीसारखी उभी होती.

"हे घे पोरी," रेइनो म्हणाला.

लिनेटचा हात पुढं झालासुद्धा. म्हातारा तिच्या शेजारून पुढं गेला आणि त्यानं पेटीसकट रायफल मेलनीच्या मांडीवर ठेवली.

पुढं झालेला हात लिनेटनं तसाच मिठाच्या भांड्याकडं नेला. विल्बर्ट काकांनी ते पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं म्हणून तिला दुप्पट लागलं.

"मला?" मेलनी म्हणाली. "पापा, खरंच मला?"

"बाबा, काहीतरीच काय," ग्लेन म्हणाला. "तिच्यासाठी मी नवी रायफल आणलीय. साडेसहा मिलिमीटर, दुर्बीण बसवलेली. आठशे यार्डांवर ताटलीला भोक पाडते. आणि तुम्ही तिला आजोबांच्या काळचं काडतूस देताय?"

"आठशे यार्ड?" रेइनो म्हणाला. "आपल्या जंगलात शंभराच्या पुढचं दिसतं का तुला? आठशे यार्डांवर शेजाऱ्याची गाय आहे."

"गायीला भोक पडेल," काका म्हणाले.

"थट्टा सोडा काका. ती गोळी हळू जाते, वाटेत खाली पडत जाते. काडतुसं कुठं मिळत नाहीत. संपली की रायफलचं करायचं काय, चुलीत घालायची?"

"हरणाला कळतं का रे, गोळी कुठल्या सालची ते?" काका म्हणाले. "या तीनशे सॅव्हेजनं जेवढी हरणं पाडली, तेवढी तू चित्रात पाहिली नसशील. आणि खांद्याला दणका किती कमी! नवख्या माणसाला याहून बरं काय? लिनेट, सांग याला. दरवर्षी तूच तर याला गप्प करतेस."

सगळे लिनेटकडं बघायला लागले. दर नोव्हेंबरात हा वाद व्हायचा आणि दर नोव्हेंबरात लिनेट बापाच्या बाजूनं ग्लेनच्या चिंधड्या उडवायची. गोळीचं वजन, वेग, पल्ला, सगळं तिला पाठ. त्या ठेंगण्या काडतुसावर तिचं प्रेम होतं म्हटलं तरी चालेल.

"ग्लेनचं बरोबर आहे," लिनेट म्हणाली.

काकांच्या तोंडातला निसूचा, त्या गोड फिनिश पावाचा, तुकडा तसाच राहिला.

"म्हातारं झालं ते काडतूस," ती बोलत सुटली. आपलंच तोंड आपण ऐकतोय असं तिला वाटत होतं, पण थांबवत नव्हतं. "लोक सोडून उगाच नाही देत. ही जुनी पेटी कुणाच्या दमट माळ्यावर किती वर्षं पडली होती देव जाणे. एखादं फुसकं निघालं, गोळी मागच्या अंगाला लागली, की हरण दोन मैल रक्त सांडत जाणार. आणि नवख्या बाईच्या हातात दिल्यावर तर विचारायलाच नको."

"पेटी तू आणलीस," रेइनो म्हणाला.

"मी शोभेला आणली होती."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि चुलीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. ग्लेन मात्र खूष. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बहिणीच्या कपात स्वतः कॉफी ओतली. "बघा! ताईसुद्धा म्हणते," तो म्हणाला. लिनेटनं तो कप तसाच बाजूला सरकवला.

"केंपाइनेनांची दोन पोरं एका बाजूला," काका पुटपुटले. "आज बर्फ पडणार."

चुलीमागच्या भिंतीवर शर्टांची शेपटं होती. कॅम्पचा नियम असा, की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीनं कापायचं, त्यावर त्याचं नाव, साल आणि चुकण्याचं कारण त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि ते भिंतीवर ठोकायचं. भिंत गच्च भरली होती. 'विल्बर्ट. शिंक आली.' 'ग्लेन. डोळ्यांवर ऊन.' 'ग्लेन. फांदी मधे आली.' 'ग्लेन. हरण हललं.' आजोबांचंही एक होतं, फिनिश भाषेत. फक्त लिनेटचं नव्हतं. चौदाव्या वर्षी तिनं 'मलाही न्या' म्हटलं, तेव्हा रेइनो म्हणाला होता, "पोरींना थंडी वाजते." ग्लेनला मात्र दोन वर्षांनी नेलं. नवरा गेल्यावर त्याची रायफल घेऊन ती आपली आपण आली आणि स्वयंपाकही करते म्हणून कुणी नको म्हटलं नाही. तेव्हापासून तिचा नेम एकदाही चुकला नव्हता. म्हणून भिंतीवर नावही नव्हतं.

भांडी घासताना रेइनो तिच्यामागं येऊन उभा राहिला.

"तिला मण्याचं सांग," तो म्हणाला. "मी सांगायला गेलो तर नुसता पुटपुटतो, तिला कळत नाही. तू नीट सांगशील. चार गोळ्या मारून दाखवल्या असत्या, पण तेवढ्या उधळायला काडतुसं कुठायत."

"सांगते," लिनेट म्हणाली.

मण्याची गोष्ट अशी. ती रायफल वीतभर वर मारते. बिघडलेली नाही, रेइनोनं मुद्दाम तशी लावून ठेवलेली. पुढचा मणी हरणाच्या छातीवर धरला की छातीच झाकली जाते, म्हणून मणी पोटाखालच्या रेषेला टेकवायचा आणि गोळी आपोआप छातीत. हे फक्त रेइनोला ठाऊक आणि लिनेटला, कारण दर ऑक्टोबरात रायफल पुसून वाळूच्या खाणीत तपासून आणायची ती लिनेटच.

सॉनात आधी बायका जायच्या. वरच्या फळीवर दोघी बसल्या. लिनेटनं तापल्या दगडांवर इतकं पाणी ओतलं की मेलनीनं तोंड गुडघ्यांत लपवलं.

"तुला माझा राग आलाय ना?" मेलनी म्हणाली.

"राग कसला? उकडतंय."

"मी मागितली नव्हती गं रायफल. उलट मीच विचारलं पापांना, लिनेटला का नाही देत? तर म्हणाले, लिनेटला काही लागत नाही."

लिनेटनं अजून एक डाव पाणी ओतलं. लिनेटला काही लागत नाही! नळ गोठला की लिनेट, डॉक्टरकडं न्यायचं तर लिनेट, बर्फ उपसायला लिनेट. दगड आहे लिनेट, तिला काय लागणार!

"मला वाटतं, मी घाबरते ते त्यांना कळलं," मेलनी सांगत होती. "इथं सगळ्यांना सगळं येतं. ग्लेनची पहिली बायकोसुद्धा मासे साफ करायची म्हणे. मला एकदा तरी या घरातलं काहीतरी जमायला हवं. त्या रायफलचं काही वेगळं आहे का? पापा म्हणाले, तू सांगशील."

लिनेटनं तोंड उघडलं. शब्द ओठांवर होते. दोन वाक्यांचं तर काम होतं. मग तिला तो मुका आठवला, आणि ते 'अगं, दाढी टोचेल'.

"वेगळं काही नाही," ती म्हणाली. "जिथं मारायचं तिथं मणी धर आणि चाप हळू ओढ."

"बस्स?"

"बस्स."

सकाळी काकांच्या भाकिताप्रमाणं बर्फ पडला होता. लिनेट तिच्या नेहमीच्या जागी, दलदलीच्या कडेला सीडरच्या झाडाखाली बसली. बऱ्यापैकी उजाडल्यावर टेकडीवरून बार ऐकू आला. तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. एकच बार, मग सगळं गप्प. ती मनाशी म्हणाली, चुकली असेल तर बरं. मग तिनं हिशेब केला. मणी छातीवर धरला असेल तर गोळी पाठीवरून जाईल, पण मेलनीचा हात थोडा खाली थरथरला असेल तर? हरणाचा कणा अर्धवट मोडून ते कुठं फरफटत गेलं असेल तर? लिनेट उठली आणि नियम मोडून, आपली जागा सोडून, टेकडी चढायला लागली.

मेलनी खडकाजवळ रडत उभी होती. विल्बर्ट काका आधीच येऊन माग बघत होते. बर्फावर खुरांचे ठसे स्वच्छ, रक्ताचा थेंब नाही, केस नाही. मागच्या बर्चच्या झाडाच्या सालीत एक भोक, हरणाच्या पाठीच्या चांगलं वर.

"स्वच्छ चुकलं," काका म्हणाले. "रडतेस काय? आम्ही सगळे चुकलोय. चल, कात्री वाट बघतेय."

लिनेटला वाटलं होतं, आपल्याला गार गार वाटेल. हरण वाचलं म्हणून वाटलंही. पण मेलनी चुकली याचा आनंद काही होईना.

दुपारी सगळे कॅम्पवर जमले. मेलनीनं शर्टाचं टोक पँटीतून बाहेर काढलं, विल्बर्ट काकांनी तोंडानं बिगुल वाजवला आणि कच्चकन कात्री चालवली. रडणारी मेलनी हसायला लागली. नव्याकोऱ्या लाल चौकड्यांच्या शर्टाचा तुकडा टेबलावर पडला. आणि लिनेट काय करत असेल? तिला त्या तुकड्याचाही हेवा वाटत होता! काल आलेली बाई नेम चुकवून भिंतीवर चालली, आणि आपण इतकी वर्षं नेम धरून अजून सिंकपाशीच.

"कारण सांग," काका जाड पेन घेऊन म्हणाले.

"काय सांगू? मी अगदी बरोबर छातीवर धरला होता मणी. हात हलला नाही. शप्पथ."

"मी सांगतो कारण," ग्लेन म्हणाला. "लिहा काका, 'जुनं काडतूस'. मी काल बोंबलून सांगत होतो. ताईनंही सांगितलं."

काकांचं पेन थांबलं. त्यांनी भावाकडं बघितलं. रेइनो चुलीजवळ बसून होता. सॅव्हेज त्याच्या मांडीवर होती, आणि आंधळ्या माणसासारखा तो नळीवरून बोटं फिरवत होता.

"लिही," तो म्हणाला. "पोरगी खोटं बोलत नाही. हात हलला नाही म्हणते, तर हलला नसणार. मग दोष या रायफलचाच. काडतूस फुसकं झालं असेल, नाहीतर मीच रायफल बिघडवून ठेवली असेन या असल्या डोळ्यांनी." त्यानं रायफल टेबलावर ग्लेनकडं सरकवली. "जाताना गावातल्या दुकानात देऊन टाक. देतील ते घे. एखाद्याच्या हातून जखमी हरण सुटायच्या आत गेलेली बरी."

"बाबा," लिनेट म्हणाली.

"तू म्हणालीस ना काल. शोभेची आहे म्हणून. तुझं खरं निघालं."

बाप आपल्या मुलीचं म्हणणं कधी नव्हे ते मान्य करत होता, आणि ते लिनेटला सहन होईना. बापाचा आवाज असा चुरगळलेला तिनं कधी ऐकला नव्हता, आईच्या दफनालाही नाही. पेन कापडावर टेकलं. 'मेलनी' लिहून झालं, साल लिहून झालं.

"थांबा काका."

लिनेटनं त्यांच्या हातून कात्री घेतली आणि बापाच्या हातात दिली. मग त्याच्याकडं पाठ केली आणि पँटीत खोचलेला फ्लॅनेलचा शर्ट ओढून बाहेर काढला.

"माझं कापा. हा नेम माझा चुकलाय."

"ताई, तू बारसुद्धा काढला नाहीस," ग्लेन म्हणाला.

"तू गप्प बस. काडतूस धडधाकट आहे, रायफल धडधाकट आहे, आणि तुझ्या बायकोचा हात तुझ्यापेक्षा दसपट बरा आहे. रायफल वीतभर वर मारते, मणी खाली टेकवायचा असतो. बाबांनी मला सांगितलं होतं तिला सांगायला. तिनं मला विचारलंसुद्धा. मी सांगितलं नाही."

चुलीत लाकूड तडतडत होतं.

"विसरलीस?" रेइनोनं मागून विचारलं. आवाजात आशा होती.

"नाही. जळत होते. अजूनही जळतेय. तुम्ही तिला रायफल दिलीत, खडक दिलात, मी शनिवार-शनिवार घालवून शोधलेली पेटी दिलीत. लिनेटला काही लागत नाही! मला लागतं, बाबा. चौदाव्या वर्षापासून लागतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कधी बोलले नाही."

कात्री उघडल्याचा आवाज झाला. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं म्हणा, की रागच तेवढा होता म्हणा, त्यानं टोक कापलं नाही, पार खांद्यापर्यंत पाठच कापून काढली. गार वारा लिनेटच्या उघड्या पाठीला झोंबला.

"वाईट केलंस," रेइनो म्हणाला. "हरण जखमी होऊन मेलं असतं."

"हो."

"त्याच्या मागावर जाताना मेलनीला काही झालं असतं तर?"

"हो, बाबा."

त्यानं पेन मागितलं. टेबलावर कापड पसरून, नाक जवळजवळ टेकवून, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत त्यानं 'लिनेट' लिहिलं. तेवढं लिहायला त्याला फार वेळ लागला.

"कारण?"

"लिहा, 'जळत होते'."

त्यानं लिहिलं. मग उठून भिंत चाचपली, आजोबांच्या शेपटाशेजारी हातभर जागा शोधली आणि चार खिळे ठोकले. सगळ्या भिंतीवर एवढं मोठं शेपूट दुसरं नव्हतं.

"रायफल दुकानात जाणार नाही," तो म्हणाला. "उद्या खडकावर मेलनीच बसेल. मी दिलेलं परत घेत नाही. लिनेट, तू तिच्या शेजारी बसायचं, रिकाम्या हातानं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

लिनेटला रायफल मिळाली नव्हती, आणि मिळायलाही नको होती, एवढं तिला कळत होतं.

"आणि माझं?" मेलनीनं लाल तुकडा पुढं केला. त्यावर तिचं नाव लिहिलेलं होतं. "माझं कुठं लावायचं?"

"तुझं कशाला? नेम तुझा नव्हता चुकला," रेइनो म्हणाला. "घरी गेल्यावर शिवून घे."

मेलनीनं तुकडा खाली घेतला. ती लिनेटला रागावेल, ओरडेल, असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि तिला तसा हक्कही होता. पण ती लिनेटकडं बघतच नव्हती. ती भिंतीकडं, त्या मोठ्या फ्लॅनेलच्या कापडाकडं बघत होती. ओठ आवळलेले, डोळ्यांत पाणी आणि त्या पाण्यामागं निखारा. ती नजर लिनेटनं लगेच ओळखली. चौदाव्या वर्षापासून आरशात ती रोज बघत आली होती.

लिनेटनं टेबलावरून सॅव्हेज उचलली, रिकामी असल्याची खात्री केली आणि मेलनीच्या हातात दिली.

"चल बाहेर," ती म्हणाली.

"कशाला?" मेलनीचा आवाज गार होता. "अजून काही न सांगायचं राहिलंय का?"

"ऐकवून घे, ऐकवून घे. पण चल."

अंगणात बर्फात एक ओंडका होता. लिनेटनं कोळशानं त्यावर हरणाची आकृती काढली, पाय-बिय सगळं. उघड्या पाठीवर बर्फाची भुरभुर पडत होती, दात वाजत होते, पण ती कोट आणायला आत गेली नाही. मेलनीनं रायफल खांद्याला लावली.

"खाली घे," लिनेट म्हणाली. "अजून खाली. पोटाच्या रेषेला टेकव मणी. हं, आता."